छपराचा खालचा कोपरा

अदेलीनो गेल्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात मी कामावर एकटाच होतो. तो माझा थोरला चुलतभाऊ. कॅनडातल्या ब्रँटफर्डमध्ये पोहण्याच्या तलावांची कामं आम्ही एकोणीस वर्षं जोडीनं केली. थंडी पडायच्या आत, तलावाचं पाणी उन्हावर तापवणाऱ्या, छपरांवरच्या सौर पट्ट्यांतलं पाणी काढायचं, हे आमचं वर्षातलं शेवटचं काम. काळ्या नळ्यांच्या त्या पट्ट्यांत पाणी राहिलं, की ते गोठतं आणि नळ्या तडकतात. मी छपरावर चढायचो आणि अदेलीनो खाली व्हॉल्व्ह सांभाळायचा. यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू येत नसे, म्हणून तो पान्याने पाइपवर ठोकायचा. दोन ठोके म्हणजे चालू दे, एक ठोका म्हणजे थांब, अजून झालं नाही.

आदल्या वर्षी वसंतात पेट्रींच्या घरच्या सहा नळ्या फुटलेल्या निघाल्या. अदेलीनोचे हात तेव्हा थरथरत असत. खालचा व्हॉल्व्ह तोच उघडायला विसरला असणार, असं मी धरून चाललो. पेट्री शेजारी उभे असतानाच मी त्याच्यावर ओरडलो, "बहात्तर वर्षांचा झालास, आता घरी बस! माझं नाव घालवू नकोस."

त्यानं पाना माझ्या गाडीत ठेवला आणि चालत घरी गेला. त्या मोसमात मी त्याला बोलावलं नाही आणि तोही आला नाही. जानेवारीत झोपेतच गेला. आमच्यात बोलणं झालं नाही ते नाहीच.

या वर्षी ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर पहिल्याच घरी, भर दुपारी, छपरावरून उतरताना मला पाइपवर एक ठोका ऐकू आला. खाली कुणी नव्हतं. पाइप गार होताना वाजतात, मी मनाला समजावलं. दुसऱ्या घरी पुन्हा तसंच. काम उरकलं, शिडीवर पाय ठेवला, की एक ठोका. पाचव्या घरापासून मी उतरताना मोठ्यानं गाणं म्हणू लागलो. गाण्यातूनही तो ऐकू यायचा. घरी जेवण जाईना. बायकोनं विचारलं तर पाठ धरलीय म्हणून सांगितलं.

बारावं घर हार्ग्रीव्हबाईंचं. नव्वदीला टेकलेली, एकटी बाई. मी व्हॉल्व्ह उघडून वर गेलो, हवेची झडप सैल केली आणि पाणी खाली गेल्याचा आवाज ऐकला. शिडीकडे वळलो, तोच ठोका पडला. एवढ्या जवळून, की पट्टीवर टेकलेल्या हाताला त्याचा धक्का जाणवला. मी कसाबसा उतरलो आणि पायरीवर बसकण मारली.

बाई दार उघडून बाहेर आल्या. "अरे फिर्मीनो, तोंड कसं झालंय तुझं! पडलास की काय?"

"नाही. तुम्ही पाइपवर काही आपटलंत का?"

"मी? माझ्यानं कपसुद्धा उचलवत नाही." त्यांनी छपराकडे पाहिलं. "झालं तुझं काम? तो कोपरा उचललास का?"

"कुठला कोपरा?"

"तो पलीकडचा, खालचा. छप्पर तिकडे बसलंय ना, पाणी तिथंच साचून राहतं. मागच्या वर्षी तू गेलास आणि तीन दिवसांनी तुझा भाऊ आला होता शिडी घेऊन. मी म्हटलं, या वयात कशाला चढता? तर म्हणाला, आमचा फिर्मीनो घाईचा आहे, कोपरा उचलत नाही. अर्धी बादली पाणी काढलं त्यानं."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, तो आधीच माझ्यावर चिडलाय. पण आता तो गेल्यावर कसली शपथ पाळायची!"

मी पुन्हा वर गेलो. पट्टी छपराला बांधलेला पट्टा सोडला, कोपऱ्याचं बूच काढलं आणि पट्टी गुडघ्यापर्यंत उचलली. पाणी भसकन माझ्या बुटांवर आलं. किती वेळ येतच राहिलं. मी पट्टी धरून तिथंच रडलो. पेट्रींच्या घरीही छप्पर असंच एका बाजूला उतरतं, आणि तिथला कोपराही मी उचलला नव्हता.

पुढचे तीन दिवस मी मागची अकराही घरं पुन्हा केली. सात घरी पाणी निघालं. रविवारी अदेलीनोच्या बायकोकडे, बेल्मीराकडे गेलो. ती केल नावाच्या हिरव्या पालेभाजीचं सूप ढवळत होती. मी सगळं सांगितलं, ठोक्यांचंही.

"म्हणजे तिकडे जायचा तो," ती म्हणाली. "रोज बाह्या भिजवून यायचा. मला वाटायचं, नदीवर जाऊन बसतो. मी भांडायचे त्याच्याशी."

"वहिनी, चूक माझी होती. पेट्रींकडची पण."

"मला काय सांगतोस? ज्याच्यासमोर बोललास त्याला सांग."

तिनं बस म्हटलं नाही. मी तसाच उठून पेट्रींकडे गेलो. ते अंगणातली पानं गोळा करत होते.

"मागच्या वर्षी तुमच्या नळ्या फुटल्या, तो दोष माझा होता," मी म्हणालो. "अदेलीनोचा नव्हता."

त्यांनी दाताळं टेकवलं आणि जरा आठवून पाहिलं. "कोण अदेलीनो?"

"माझा भाऊ. खाली उभा असायचा तो."

"असेल," ते म्हणाले. "माझ्या लक्षात नाही बुवा."

मग मी त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.