पिवळ्या गाठीचा राखणदार

मी भक्षक बोलतोय. पांढऱ्या पेशींच्या कुळातला, हाडाच्या मगजात जन्मलेला. शाळा नाही, पण घराणं मोठं. जंतू खाणं हा आमचा पिढीजात धंदा. रक्तातून वाहत आलो आणि एका शिंपिणीच्या बीजकोशात ठाण मांडलं.

इथलं काम वेगळं. स्त्रीबीज सुटलं की त्या जागी पिवळी गाठ तयार होते. तिच्यातल्या पेशी एक संप्रेरक बनवतात, त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. ते संप्रेरक मी बनवत नाही. पण माझ्या एका इशाऱ्यावर त्या जोमाने कामाला लागतात, दुसऱ्यावर हात आखडतात.

गर्भ रुजला तर त्याचा निरोप येतो, गाठ राखा. नाही आला तर गाठ मोडून खायची. हुकूम तो हुकूम. शिंपिणीच्या आजवरच्या सगळ्या गाठी आम्ही मोडल्या. दर वेळी ती मशीनवर डोकं टेकून बसायची.

या खेपेला निरोपाचा पत्ता नव्हता. माझे भाऊबंद, बाकीचे भक्षक, गाठ मोडायला आत शिरू लागले होते. शेजारची पिवळी पेशी म्हणाली, “काका, असे टक लावून काय बघताय? खाणार का मला?”

“काम कर.”

“करते हो. पण हातपाय गळाले.”

बाहेरचं बोलणं मला हाडांतून ऐकू येतं. मशीन थांबलं. नणंद ओरडली, “वहिनी, डावी बाही उजवीकडे जोडलीस! लक्ष कुठंय?”

“कंबर भरून आलीय गं, पाळी येणार. याही वेळी पाणी फिरलं बघ. आण ती कात्री, उसवते.”

“काही नको. आधी पाठ टेक. बाही कुठं पळून जात नाही.”

ती आडवी झाली. भाऊबंद म्हणाले, “चला, सुरुवात करू.” मी वाट अडवून उभा राहिलो. का, ते विचारू नका.

मग रक्तातून एक अनोळखी चव आली. अगदी पुसट. पुन्हा आली. निरोपच तो!

“मागे फिरा,” मी दरडावलं.

“काका, आता मी काय करू?” शेजारीण म्हणाली.

“काम कर.”

आता शिंपिणीला सकाळी मळमळतं आणि नणंद तिला मशीनजवळ फिरकू देत नाही. पुढे गर्भाला पोसणारी वार तयार होईल आणि संप्रेरकाचं काम उचलेल. मग ही गाठ मोडायचा हुकूम येईल. मीच मोडेन, शेजारणीसकट. तिला सांगितलेलं नाही.

तुम्हीही बोलू नका. तोवर तिला काम करू द्या.