पांढऱ्या रंगाखालची फळी

मित्रांनो, मी शिडाची एक जुनी होडी आहे. आज अंगावर दिसतो तो निळा रंग माझा सातवा. पण मला सांगायची आहे ती सहाव्या रंगाची गोष्ट, कारण त्याने आम्हा तिघांना जवळजवळ बुडवलेच होते.

मला एका बुटक्या सुताराने बांधले. पुढे बावीस वर्षे मी एका शाळेतल्या मुलांना वाऱ्याशी जुळवून घ्यायला शिकवले. मुले मला धक्क्यावर आपटत आणि शिडात वारा भरला की आनंदाने किंचाळत. मग शाळेने हलक्या प्लास्टिकच्या होड्या घेतल्या. मी एका गोदामामागे ताडपत्रीखाली पडून राहिले. सुरुवातीला कोणीतरी येऊन ताडपत्री नीट करी, नंतर तेही थांबले. फाटक्या जागेतून पाणी गळे आणि माझ्या तळाशी साचून राही.

नऊ वर्षांनी दातांचे एक निवृत्त डॉक्टर मला घेऊन गेले. पत्नी गेल्यावर ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले होते आणि घरात त्यांना करमत नव्हते. मला पाहून ताईंनी कपाळावर हात मारला.

"अरे, आपल्या दोघांच्या वयाची बेरीज दीडशे. त्यात हिची भर कशाला?"

"तुझ्या वाढदिवसाला फिरवून आणतो, मग बोल," डॉक्टर म्हणाले.

त्या शब्दाने माझ्या डागडुजीची घाई झाली. एके दिवशी तळाजवळची एक फळी त्यांच्या अंगठ्याखाली दबली. ती आतून कुजली होती. त्यांना ते कळले. अंगठा तिथेच क्षणभर थांबला. वाढदिवसाला आठवडा उरला होता. त्यांनी भेगा बुजवायची लांबी वरवर भरली, घासली आणि पांढराशुभ्र रंग दिला. येणारे-जाणारे थांबून माझे कौतुक करू लागले. मीही फुशारले, खोटे का बोलू?

वाढदिवशी आम्ही निघालो. किनारा बराच मागे पडल्यावर ताईंनी पाय वर घेतले.

"पाय भिजतायत माझे."

"काही नाही गं, शिंतोडे असतील."

"शिंतोडे खालून येतात का रे?"

ताईंना पोहता येत नव्हते. त्यांनी जेवणाचा डबा पाण्यात रिकामा केला आणि त्यानेच पाणी उपसू लागल्या. डॉक्टरांनी अंगातला सदरा काढून कुजक्या फळीला पडलेल्या भोकात कोंबला. मी जीव मुठीत धरून वारा ओढला आणि कशीबशी किनाऱ्याच्या चिखलात जाऊन रुतले.

ताई ओल्या लुगड्यानिशी काठावर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"माझी दाढ किडली तेव्हा काय म्हणाला होतास? आधी सगळी कीड काढू, मग भरू. मला चांगलं तासभर रडवलंस. आणि आता?"

डॉक्टर आठ दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मला वाटले, आता आपले सरपण होणार. नवव्या दिवशी ते पटाशी घेऊन आले. मागोमाग ताई आल्या, हातात फाटके शीड आणि जाड सुई घेऊन.

"मी शिवते. तू खरवड. आणि मऊ लागलं की मला हाक मारायची, काय?"

अकरा वेळा हाक गेली. चार फळ्या आणि दोन फासळ्या निघाल्या. नव्या बसवून वर हा निळा रंग चढायला दोन वर्षे लागली. डॉक्टरांचा गुडघा दुखे, म्हणून त्यांनी शिडाच्या सगळ्या दोऱ्या बसल्या जागी हाताशी येतील अशा वळवून घेतल्या. ताईंसाठी धरायला एक कठडाही केला. असे कोडकौतुक मी कोवळी असतानाही कोणी केले नव्हते.

मला पाण्यात सोडले, तर सांध्यांतून पुन्हा पाणी! डॉक्टरांचा चेहरा पडला. पण सुकलेले लाकूड पाणी पिऊन फुगते, तेव्हाच सांधे मिटतात. तीन दिवस मला धक्क्याला बांधून दोघे पाळीपाळीने पाणी उपसत बसली. चौथ्या सकाळी ताईंनी माझ्या तळावर हात टेकला आणि तळवा भावाला दाखवला.

"कोरडा! चल, सोड दोर."

मित्रांनो, तुमच्याकडे जुने काही असेल, तर त्याला नुसते चकचकीत करू नका. जिथे मऊ लागेल, तिथे हात थांबू द्या. दुखले तरी उघडून बघा. आम्ही जुन्या वस्तू त्याने रागावत नाही.

सध्या माझे सुकाणू जरासे करकरते आहे. काल डॉक्टरांनी ते ऐकले आणि "उद्या बघतो," म्हणाले.

तो बघा, धक्क्यावर त्यांच्या पावलांचा आवाज येतो आहे.