एकसष्टावा छर्रा

शनिवारी सकाळी पपांनी मला छर्रे मोजायला बसवलं. अंगणात गोणपाट अंथरलं होतं, त्यावर पितळेचे छर्रे ओळीने मांडलेले. दहा-दहाच्या सहा ओळी. प्रत्येक छर्रा उचलायचा, दोरीला टांगलेल्या लोहचुंबकाजवळ न्यायचा, चिकटत नाही ना पाहायचं आणि मग डब्यात टाकायचा.

"किती?"

"साठ."

"चिकटला एखादा?"

"नाही, पपा."

"मग परत मोज."

मी परत मोजले. मी एक्केचाळीस वर्षांची, शाळेत इतिहास शिकवते, पण छर्र्यांच्या बाबतीत पपांचा माझ्या पहिल्या मोजणीवर विश्वास नव्हता. तसा तो कुणाच्याच मोजणीवर नव्हता.

हे छर्रे दारू दळायच्या गिरणीचे, आणि ही गिरणी गोझो बेटावरच्या माणसांसाठी होती. तिकडच्या एका लहानशा गावात आठ-दहा हौशी मंडळी संताच्या सणासाठी शोभेचं दारूकाम करतात. कारखान्यातली तयार गिरणी घ्यायची तर त्यांची दोन वर्षांची वर्गणी जाईल. पपांची गिरणी म्हणजे जुन्या धुलाई यंत्राची मोटर, जाड रबराचं पिंप, ते फिरवणारे दोन रूळ आणि हे छर्रे. सगळ्यात महाग छर्रेच. ते पितळेचेच हवेत, कारण पितळ पितळावर आपटलं तर ठिणगी पडत नाही. पोलादाची पडते. पिंपात काळी दारू दळली जात असताना एक ठिणगी पुरते.

पपांनी पिंपात जाडं मीठ भरलं. नवी गिरणी ते नेहमी मिठावर चालवून बघत. अंगणाच्या भिंतीमागे उभं राहून त्यांनी लांबच्या वायरीचं बटण दाबलं. आत नुसतं मीठ होतं, तरी भिंतीमागूनच.

"मिठाला कशाला घाबरता?" मी विचारलं.

"मिठाला नाही. हाताला सवय राहावी म्हणून." मग म्हणाले, "तू का हसतेस? साठ मोजायला तुला दोन खेपा लागतात."

तासाभराने मिठाचं पीठ झालं होतं. त्यांनी ते चिमटीत चोळून पाहिलं आणि बरणीत भरून वर 'खायचं नाही' अशी चिठ्ठी चिकटवली. अशा बरण्या आमच्या घरात फळीभर आहेत. नंतर आम्ही पावावर टोमॅटो चोळून, वर खारवलेल्या केपरच्या कळ्या आणि तेल घालून जेवलो. मासळीवाल्याने ट्यूना महाग केला म्हणून पपांनी त्याला नावं ठेवली. मग ते झोपायला गेले. मी मुलांच्या वह्या तपासत बसले.

रविवारी सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

*

आमच्या गावात माणसाला दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, दुसरं गावाने दिलेलं. दुसरं नाव घराला चिकटतं आणि मुलानातवंडांपर्यंत जातं. आमच्या घराचं नाव आधी वेगळं होतं. मी नऊ वर्षांची असताना ते बदललं आणि पपा विस्तीन छर्रा झाले. मी छर्र्याची मार्तीस.

तेव्हा पपा दिवसा बसच्या गॅरेजात काम करत आणि संध्याकाळी गावाबाहेर माळावरच्या दारूकामाच्या खोलीत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. पोरींना कुंपणाच्या आत यायची बंदी होती. मी डबा कुंपणापाशी ठेवायचा आणि हाक मारायची. एके दिवशी धुतलेले छर्रे कुंपणालगत गोणपाटावर वाळत होते, मळकट पिवळे. माझ्या खिशात पपांनीच गॅरेजातून आणून दिलेला बेअरिंगचा एक छर्रा होता, साधारण तेवढाच, चांदीसारखा. माझ्याकडची सगळ्यात सुंदर वस्तू तीच होती. त्यांच्या छर्र्यांमध्ये एक तरी चांगला असावा असं मला वाटलं. मी तो मध्ये ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी गिरणी उडाली. ती दगडी खड्ड्यात होती, तीन बाजूंना भिंती, चौथी उघडी दरीकडे. बटण चाळीस पावलांवर. बटणापाशी पपा आणि दारूकामातले त्यांचे जोडीदार नेनूकाका होते. दोघांच्या अंगावर धूळ पडली, बाकी काही नाही. दरीकडचं कॅरोबचं झाड अर्धं जळालं. नेनूकाकांनी राखेत चुंबक फिरवला आणि पोलादी छर्रा वर आला.

"विस्तीन, हा तुझ्या गॅरेजातला," ते म्हणाले.

पपांनी तो हातात घेतला. "माझ्याच खिशातून पडला असणार. मी आज मोजले नाहीत."

सणाला पंधरा दिवस होते. त्या वर्षी आमच्या संताची मिरवणूक एकही बार न उडता निघाली. शेजारच्या गावचे लोक आमच्या चौकात येऊन विचारायचे, "काय रे, तुमच्या संताचा घसा बसलाय का?" पपांनी गावच्या बँडच्या क्लबात सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि किल्ली नेनूकाकांच्या हातात दिली. परत कधी मागितली नाही.

राखेत पोलादी छर्रा सापडल्याचं मी घरी बसून ऐकलं होतं. तो माझाच, हे मला कळलं होतं. आधी मार बसेल म्हणून बोलले नाही. मग मोठी झाले आणि मार बसण्याचा प्रश्न उरला नाही, तेव्हा बोलणं आणखी अवघड झालं. पपा स्वतःच ती गोष्ट हसत सांगू लागले होते. लहान गावांसाठी स्वस्तात गिरण्या बनवायला त्यांनी त्यानंतरच सुरुवात केली. एकूण नऊ बनवल्या. प्रत्येक गिरणी देताना लोक आले की आधी त्यांना बसवायचे, चहा द्यायचे आणि सांगायचे: "एकदा मी मोजले नाहीत." त्यानंतरच गिरणी हातात. इतकी माणसं ज्या गोष्टीने सावध झाली ती खोटी आहे असं मी कशी म्हणणार होते? आणि ती पूर्ण खोटी तरी कुठे होती? त्यांनी खरंच मोजले नव्हते.

पण चाळीस पावलं अंतर ठेवणारा माणूस गावाला निष्काळजी म्हणून माहीत होता, आणि ते नाव माझ्यामुळे पडलं होतं.

*

नेनूकाका सोमवारी मृत्यूची नोटीस लिहायला आले. क्लबाच्या दारावर लावायची होती.

"विस्तीन झेराफा, ऊर्फ छर्रा. बरोबर ना?"

"ऊर्फ लिहायलाच पाहिजे का, नेनूकाका?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नाहीतर कोण ओळखणार? झेराफा गावात चाळीस आहेत. लोकांना वाटेल तो कंजूस टॅक्सीवाला गेला, आणि आनंदाने येतील." मग हळू आवाजात म्हणाले, "तुझा बाप रागवायचा नाही त्या नावाला. मला ठाऊक आहे. मीच पहिल्यांदा हाक मारली होती."

"लिहा," मी म्हणाले.

तीन दिवस ती नोटीस दारावर होती. मी शाळेला जाताना रस्ता बदलला. पुस्तकांत माणसं अशा वेळी काय काय करतात ते मी खूप वाचलं आहे. मी रस्ता बदलला एवढंच.

पुढच्या शनिवारी गिरणी न्यायला गोझोहून केलीनू आणि त्याचा भाऊ सकाळच्या फेरीबोटीने आले. केलीनू साठीचा, भाऊ त्याहून थोडा लहान. त्यांनी बरोबर मधाची बरणी आणि मिरी लावलेलं चीज आणलं होतं. दारात टोपी काढून दोघे उभे राहिले.

"गिरणीची घाई नव्हती," केलीनू म्हणाला. "पण विस्तीनकाकांनी तारीख दिली होती. ती मोडणं बरं वाटेना."

नेनूकाका मदतीला आले होते. मी काचेच्या ग्लासांत चहा केला. गिरणी अंगणात गोणपाटावर होती, शेजारी छर्र्यांचा डबा आणि दोरीला बांधलेला चुंबक. केलीनूने झाकण उघडून छर्रे पाहिले, पण हात लावला नाही.

"आमच्या पलीकडच्या गावाला काकांनीच दिली ना," तो म्हणाला. "तिथले लोक म्हणाले, गोष्ट ऐकल्याशिवाय उचलू नका. काका ती सांगतात आणि मगच देतात."

"सांगायचा," नेनूकाका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, पोरी. मी सांगायला लागलो की उगाच मसाला घालतो. तो साधं सांगायचा. तू शंभरदा ऐकलं असशील."

"तुम्ही तिथे होतात, काका. मी नव्हते."

"म्हणून काय झालं? इतिहास शिकवतेस ना? तिथे तरी कुठे होतीस?"

केलीनूचा भाऊ हसला आणि लगेच चहाच्या ग्लासात बघू लागला.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. पपा बसायचे तिथेच. सुरुवात मला तोंडपाठ होती. "एकदा पपांनी मोजले नाहीत," मी म्हणाले. छर्रे साठ असतात, भरण्याआधी मोजायचे, काढल्यावर मोजायचे, दोन्ही वेळा चुंबक लावायचा. बटण चाळीस पावलांवर. गिरणी चालू असताना कुणी तिच्याजवळ जायचं नाही, बंद झाल्यावरही लगेच नाही. केलीनू मान डोलवत होता. भावाने खिशातून कागद काढून चाळीस लिहून घेतलं. मी गिरणी उडाल्याचं सांगितलं, राखेत सापडलेल्या छर्र्याचं सांगितलं. पुढचं वाक्य पपांचं होतं: माझ्याच खिशातून पडला असणार.

ते मला म्हणता येईना.

"मग?" नेनूकाका म्हणाले. "खिशातून पडला. सांग ना."

"पडला नव्हता, नेनूकाका."

"म्हणजे?"

"पपांनी मोजले नाहीत ती चूक त्यांची, ते खरं आहे. तुम्ही दोघे मोजा, रोज मोजा." हे मी केलीनूकडे पाहून म्हणाले. मग नेनूकाकांकडे वळले, कारण नाव त्यांनी ठेवलं होतं. "पण तो छर्रा त्यांच्या खिशातला नव्हता. माझ्या खिशातला होता. मी डबा घेऊन आले होते. तुमचे छर्रे कुंपणापाशी वाळत होते. मी तो त्यांच्यात ठेवला, माझ्या हाताने. मीच ठेवला, आणि त्यांना कधी सांगितलं नाही."