तांदळातलं नाव

शरयू एका नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याबरोबर पळाली होती. त्यानं तिला खांडव्याला टाकलं आणि बापानं दार लावून घेतलं. हे ठाऊक असूनच मी तिला घमापुरातल्या माझ्या खानावळीत पोळ्या लाटायला ठेवली. लोक बोलले. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार?

लढाईचे दिवस होते. तोफगाड्यांच्या कारखान्यात दुप्पट माणसं लागली, माझ्या पंगती उठेनात. त्यातला रत्नाकर सुतार होता, तोफांची चाकं जोडायचा. पोट भरलं तरी हा बाबा आणखी एक पोळी मागायचा. मी काय आंधळी होते?

त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा शरयूनं त्याला सगळं सांगून टाकलं. तरी तो मागे हटला नाही. मग तिनं एकच अट घातली. लग्न लागल्यावर लक्ष्मीपूजनाला नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नाव लिहितो, तेव्हा नवं नाव लिहायचं. शरयू हे नाव तिला पुसून टाकायचं होतं. प्रमोदिनी ठरलं.

ग्वारीघाटच्या धर्मशाळेत लग्न लागलं, पण पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर टांग्याला उठून दारात जायची.

"काहून येरझाऱ्या घालून राहिली?" मी म्हटलं.

"कोणी ओळखीचं आलं तर, राधाबाई?"

आलंच. रत्नाकरची आत्या सत्यभामा, शरयूच्या बापाच्याच गल्लीत राहणारी, नागपूरहून उशिरा, लक्ष्मीपूजनाला बसल्यावर पोचली. तिनं नव्या सुनेला निरखून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ही तर पेटीवाल्याबरोबर पळालेली शरयू."

माझा संताप संताप झाला. रत्नाकरनं तांदळात 'प्र' काढला होता. तो त्यानं तळहातानं पुसला आणि लिहिलं, शरयू.

तिनं त्याचं मनगट धरलं. "हे काय करून राहिले तुम्ही? आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. पण आता दुसरं नाव लिहिलं, तर आत्याला वाटेल मला तुझी लाज वाटते."

"आणि वाटत नाही?" आत्यानं विचारलं.

"नाही."

शरयूचा चेहरा रागानं लाल झाला होता. तिनं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि आत्याच्या पायांशी वाकली. आत्यानं पाय मागे घेतले. शरयूनं एक पाऊल पुढे सरकून ते धरले.

"मी शरयू," ती म्हणाली. "तुमच्या रत्नाकरची बायको."