रजईच्या मापाचा पलंग

गिऱ्हाईक येतं ते पलंगाचं माप घेऊन. कागद पुढे करतं आणि विचारतं, "मोठ्या रजईला कापड किती लागेल?" मी म्हणते, "थंडी पलंगाला वाजते का?" रजई माणसं पांघरतात. माणूस कूस वळवतो, गुडघे पोटाशी घेतो, झोपेत दुसऱ्याच्या अंगावरचं ओढतो. म्हणून रजई दोन्ही बाजूंना वीतभर तरी लोंबायला हवी. शिवाय कापूस भरून टाके घातले की कापड आक्रसतं. रजई फुगते ती कापडाच्याच जिवावर. हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय की आमच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. फक्त आमच्या मिस्त्रींना नाही.

मिस्त्री म्हणजे आमचे यजमान. सुतारकाम करतात. मी रजया शिवते, ते पलंग करतात, आणि आम्ही दोघं झोपायचो एका अरुंद, करकरणाऱ्या पलंगावर. अंगावर दोन विजोड रजया. एक गिऱ्हाईकानं नेलीच नाही ती आणि दुसरी मी शिकताना बिघडवलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा मात्र त्यांनी घरासाठी पलंग केला. चांगला सहा फूट रुंद. उशाकडची फळी अख्खी, एका तुकड्याची. तसं लाकूड मिळेपर्यंत दोन हिवाळे थांबले. "जोडलेली फळी मला रोज उठून बघवणार नाही," म्हणायचे. मागच्या शेडमध्ये पलंग उभा राहिला त्या दिवशी पाहुण्यासारखे त्याच्याभोवती फिरत होते.

आणि कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडे ते कापड होतं. गडद निळं, त्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. गिऱ्हाइकांसाठी अस्तर आणायला गेले की मी त्यावरून हात फिरवून यायची. घ्यायची नाही. आपल्यासाठी काय, पुढच्या वेळी बघू.

हे मिस्त्रींनी कधी पाहिलं कोण जाणे. एका दुपारी पुडकं घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी उघडलं आणि ते निळं कापड गालालाच लावलं. इतका आनंद झाला होता.

"हिशेब मीच केला," ते म्हणाले. कानामागची पेन्सिल काढून हवेतच रेघा मारल्या. "पलंग बहात्तर इंच रुंद. कापडाचा पन्हा चव्वेचाळीस. दोन पन्हे जोडले की अठ्ठ्याऐंशी. म्हणजे सोळा इंच उरलेच! लांबी घेतली पलंगाएवढी, साडेसहा फूट. एक चिंधी वाया जाणार नाही."

लाकूड कापलं की तेवढंच राहतं. त्यांचा सगळा जन्म त्या भरवशावर गेला. मी टेप लावली; टाके घातल्यावर कापड अपुरं पडणार होतं. माझा चेहरा उतरला. तो त्यांनी पाहिला.

मी तशीच चपला घालून दुकानात गेले. कापडवाल्यानं हात जोडले. "उरलेलं एका बाई पडद्यांसाठी घेऊन गेल्या. आणि हे डिझाइन आता बंदच झालं. मी मिस्त्रींना म्हटलं होतं, जरा जास्त घ्या. तर म्हणाले, माझी बायको या धंद्यात आहे, मला शिकवू नका!"

घरी नणंद येऊन बसली होती. तिनं चुटकीसरशी निकाल लावला. "वहिनी, कडेनं दुसरं कापड लाव. सगळ्यांना तर लावून देतेस."

"लावते ना वन्सं. म्हणूनच नको."

जन्मभर मी लोकांच्या अपुऱ्या कापडाला काठ लावले. मापात बसवलं, भागवलं, झाकलं. घरातही तेच. माझ्या स्वतःच्या रजईला मला काठ नको होता. हट्ट म्हणा हवं तर. मला एकदा तरी काहीतरी पुरेसं हवं होतं. ते मी बोलले नाही. कापडाची घडी घातली आणि म्हटलं, "नातवंडांना दोन छोट्या होतील." कपाटात ठेवून दिली.

जेवताना मिस्त्रींनी बिनमिठाची भाजीही तशीच खाल्ली. हात धुऊन आले आणि विचारलं, "त्या कापडाची रजई शिवून झाली की केवढी भरेल?"

"आक्रसून धरलं तर ब्याऐंशी बाय चौऱ्याहत्तर. उभी घेतली तर पाय उघडे पडतात. आडवी घेतली तर लांबीला हवी तेवढी आहे. रुंदीला मार खाते."

"मग अशा रजईला पलंग केवढा हवा?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आणि सवय इतकी वाईट, की मी लगेच उत्तर दिलं. "साडेचार फूट."

ते मान हलवून मागच्या शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं ठाकठोक ऐकू आली. मी भांडी तशीच टाकून धावले. पलंग सुटा करून भिंतीला टेकवला होता. उशाकडची ती फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी, दोन्ही टोकांना वीत वीत सोडून पेन्सिलीची रेघ, आणि यांच्या हातात करवत.

"अहो, डोकं फिरलंय का? दोन हिवाळे थांबलात या फळीसाठी!"

"फळी अख्खीच राहतेय. फक्त लहान होतेय."

नणंद दारातून ओरडली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकलं होतं. पांघरूण पाहून पलंग कापणारा माझाच भाऊ!"

ते हसले, पण करवत खाली ठेवली नाही. "माप मी चुकलो," मला म्हणाले. "तू का भागवायचं?"

'राहू द्या, लावते काठ' हे माझ्या ओठावर आलं होतं. तेच तर मी नेहमी म्हणते. पण मला ती रजई हवी होती, आणि ते कापायला तयार होते याचा मला इतका आनंद झाला होता की लाज वाटायला सवडच मिळाली नाही. करवत चालू असताना टोक लोंबत राहिलं तर शेवटी फळी चिरते, एवढं सुताराच्या घरात राहून मलाही कळतं. मी पदर खोचला, पुढे झाले आणि ते टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"हं," मी म्हटलं, "कापा."