पाहुण्यांच्या बाजूने

आरोग्य खात्याचं पत्र गुरुवारी आलं. दीड पानाचं होतं. तोइलोलो यांचं बोलणं स्पष्ट आहे, आल्यागेल्याशी वागणं अदबीचं आहे, मुलगी त्यांची नीट काळजी घेते. सबब वृद्धांना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात जागा देण्याइतकी गरज सध्या दिसत नाही. एपेनेसाने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत बाबा घराबाहेर पडले होते.

ते कुठे सापडतील हे तिला ठाऊक होतं. ओहोटीला ऑकलंडची मानुकाउ खाडी फार लांब मागे सरते आणि चिखलावर पाण्याचा पातळ, रुपेरी थर उरतो. त्यात आभाळ दिसतं आणि विमानतळावर उतरणारी विमानं उलटी तरंगताना दिसतात. एकोणऐंशी वर्षांचे तोइलोलो घोट्याएवढ्या चिखलात उभे राहून प्रत्येक विमानाला हात करत होते. त्यांच्या लेखी ते सामोआतल्या सावाईई बेटावरचं त्यांच्या गावचं उथळ पाणी होतं आणि विमानं म्हणजे होड्या होत्या.

"पाहुणे आले का?" त्यांनी विचारलं.

"वाटेत आहेत, बाबा. चला, कपडे बदलून घ्या."

"तू कोणाची गं?"

"तुमचीच."

"बरं," ते सौजन्याने म्हणाले आणि तिच्याबरोबर चालू लागले.

त्या आठवड्यातली ही तिसरी खेप. एपेनेसा चोपन्न वर्षांची होती. विमानतळाच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून तिला दोन वर्षं चार महिने झाले होते. तेव्हापासून ती एकदाही सलग तीन तास बसलेली नव्हती.

शनिवारी तासी आत्या आली. ती बाबांची धाकटी बहीण, वय बहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. पत्र वाचून तिने चष्मा काढला.

"तो अधिकारी तपासणीला आला तेव्हा घरात काय काय केलंस ते सांग."

"काही नाही. थोडं आवरलं."

"थोडं?"

"पडदे धुतले. बाबांना आठवावं म्हणून दारांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. बाबांना नवी लुंगी नेसवली, दाढी केली. चटई पसरली. डुक्कर भाजलं."

"डुक्कर," आत्या म्हणाली. "अगं, तो तुझे हाल बघायला आला होता. तू त्याला लग्नाचं जेवण घातलंस. आणि हा?"

'हा' म्हणजे बाबा. ते कोपऱ्यात बसून केळं सालीसकट खात होते.

"बाबा बोलले."

"किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

आत्याने कपाळाला हात लावला. तोइलोलो हे गावचे वक्ते होते. दारी पाहुणा आला की गावाच्या वतीने त्याचं स्वागत करायचं, ही त्यांची पदवी आणि हेच त्यांचं काम. ते शब्द पन्नास वर्षांत इतके खोल मुरले होते की आजार अजून तिथवर पोहोचला नव्हता. मुलीचं नाव गेलं, संडासाची वाट गेली, चमचा कसा धरायचा ते गेलं, पण दारात अनोळखी माणूस दिसला की पाठ ताठ व्हायची आणि ते शब्द एकामागून एक, कुठेही न अडखळता यायचे. अधिकारी भारावून गेला होता. अर्थ दुभाष्याने सांगितला होता.

"आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलीस."

"आत्या, त्यांच्यासमोर कसं सांगू? पाहुण्यासमोर, की हे चादर भिजवतात म्हणून?"

"मग बाहेर गाडीपाशी सांगायचंस."

एपेनेसाने पत्राची घडी घातली. गाडीपाशी त्या माणसाने विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं की सगळं ठीक आहे. बाबांसमोर बोलणं हा अपमान होता, पाठीमागे बोलणं ही चहाडी. तिसरी जागा तिला माहीत नव्हती.

"पुन्हा तपासणी मागून घे," आत्या म्हणाली. "आणि या वेळी निदान डुक्कर तरी भाजू नकोस. तू आडवी पडलीस तर याला कोण बघणार? मी? मला स्वतःचे मोजे घालता येत नाहीत."

दुसरी तपासणी मंगळवारी, दुपारी दोनला ठरली. या वेळची बाई सामोअनच होती. तिचं नाव मालिया. वय तिशीच्या आत. जन्म ऑकलंडचा. फोनवर तिने सांगितलं, "ताई, घर आवरू नका. रोज असतं तसंच राहू द्या. आणि मला खरं ऐकवा. खरं लिहिता आलं नाही, तर पुन्हा तेच पत्र येईल. मग सहा महिने विचारता येणार नाही."

एपेनेसाने घर आवरलं नाही. तिला ते फार जड गेलं.

मंगळवारी सकाळपासून धुकं होतं. दोन वाजले तरी ते गेलं नाही. खिडकीबाहेर खाडी नव्हती, रस्ता नव्हता, नुसता पांढरेपणा होता आणि त्यातून विमानांची घरघर यायची. मालिया बूट काढून आत आली, चटईच्या या कडेला मांडी घालून बसली. तोइलोलोंनी तिला पाहिलं. मळक्या बनियनमध्ये, एका पायात मोजा असलेला तो म्हातारा उठला, भिंतीपाशी जाऊन बसला, वक्त्याची खूण असलेली नारळाच्या काथ्याची चवरी त्याने खांद्यावर टाकली आणि बोलायला सुरुवात केली.

एपेनेसाने मान खाली घातली. झालं, तिला वाटलं. पुन्हा तेच.

शब्द धुक्यासारखे खोलीत पसरले. सूर्य ज्या वाटेने येतो ती वाट, तुमच्या होड्या ज्या वाटेने आल्या ती वाट, खडकांच्या रांगेतली खिंड, किनाऱ्यावर पेटवलेल्या मशाली. मालिया कागद मांडीवर धरून ऐकत राहिली. तिचं पेन हललं नाही.

भाषण संपलं. तोइलोलो थांबले.

रिवाजाप्रमाणे आता पाहुण्यांच्या बाजूने उत्तर यायला हवं होतं. गेल्या खेपेला दुभाष्या उत्तरला होता. मालियाला सामोअन येत होतं ते घरातलं, जेवायला ये आणि दिवा मालव एवढंच. ती गप्प राहिली. एक मिनिट गेलं. तोइलोलो चवरी खांद्यावरून काढून पुन्हा टाकू लागले. ते दाराकडे, खिडकीकडे, पुन्हा मालियाकडे पाहू लागले. उत्तर न येणं म्हणजे काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं.

एपेनेसा उठली. वाकून, चटईच्या कडेकडेने ती पलीकडे गेली आणि मालियाच्या शेजारी, बाबांच्या समोर बसली. चाळीस वर्षं तिने बाबांची भाषणं मागे बसून ऐकली होती. स्वतः तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

"आपलं स्वागत पोहोचलं," ती त्या भारदस्त भाषेत म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पण आमची होडी थकलेली आहे."

चवरी खांद्यावर स्थिरावली. तोइलोलो पुढे झुकले.

"किती दिवस वल्हवताय?"

"दोन वर्षं चार महिने."

"वल्ही किती?"

"एकच. माझं."

"होडीत आणखी कोण?"

"माझे वडील."

"ते वल्हवत नाहीत?"

"त्यांना वाटतं किनारा आला. मधेच उतरायला निघतात. मी धरते, तर मारतात. मी कोण ते त्यांना आठवत नाही. अन्न चावायचं विसरतात. अंथरूण ओलं होतं, तेव्हा रडतात." ती थांबली. "मी झोपत नाही. एकदा मला वाटलं, उतरू द्यावं त्यांना."

मालियाचं पेन चालू झालं. शब्द तिला अर्धेच कळले होते, पण तेवढे पुरे होते.

 दोन वर्षांत तोइलोलोंनी लेकीचं बोलणं इतकं पूर्ण ऐकलं नव्हतं.

"तुझ्या वडिलांचं नाव?"

तिने नाव सांगितलं, पदवीसकट.

"ऐकलंय," ते म्हणाले. "चांगलं बोलतात म्हणे."

"फार चांगलं."

"मग त्यांना आमच्याकडे ठेव. आमच्या गावात माणसं आहेत, सांभाळतील. तू झोप काढ. वल्हेकरी झोपला नाही तर होडी कोण नेणार?" मग मालियाकडे वळून, यजमानाच्या अधिकाराने, त्यांनी विचारलं, "जागा आहे ना?"

"आहे," मालिया साध्या घरगुती भाषेत म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी नऊला गाडी येईल."

"झालं तर." त्यांनी चवरी दुसऱ्या खांद्यावर टाकली. ते समाधानी दिसत होते. एपेनेसाकडे पाहून ते हसले; दूरवरून आलेल्या, नीट उत्तर देणाऱ्या पाहुणीकडे बघून हसावं तसं. त्या हसण्यात तिची ओळख नव्हती. ती शोधायचं तिने त्या दुपारी सोडून दिलं.

"पाहुण्यांना कोको आणा रे कोणीतरी," तोइलोलो आत बघून म्हणाले.

आत कोणीच नव्हतं. सवयीने एपेनेसाचे गुडघे उठायला निघाले. मालियाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तुम्ही बसा, ताई. पाहुणे उठत नाहीत. साखर कुठे आहे तेवढं सांगा."

"खालच्या फळीवर. बाबांच्या कपात अर्धाच चमचा."

मालिया कागद बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेली. एपेनेसा चटईवर बसून राहिली.