साडेएकवीसपासून खाली

२१.५

इतके मिलिमीटर जाडीची एक फळी कारखान्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. वर्गात शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तशी. पण त्या पोराची निदान घंटा तरी होते. ही तीस वर्षं उभी होती.

तिला उभी केली होती आत्याने. आत्या म्हणजे गावातली पहिली बाई सुतार. एका खोडातून तिने दोन फळ्या काढल्या होत्या, स्वतःच्या कपाटाच्या दारासाठी; एक लावायला, एक राखीव. लाकूड मोठं नखऱ्याचं. त्यातल्या रेषा सरळ चालतच नाहीत. वर येतात, खाली बुडतात, वळून मागे बघतात. उजेडात धरलं की वाटतं, आत पाणी हलतंय. आणि हेच रूप त्याच्या मुळावर येतं. रंधा मशीनचं लांब सरळ पातं फिरत येतं, वर आलेल्या रेषेत अडकतं आणि तिला कापण्याऐवजी उपटून काढतं. पहिल्या फळीला देवी आल्यासारखे खळगे पडले. ते घालवायला आत्या तासत गेली, तासत गेली. फळी संपत आली, खळगे संपले नाहीत. दुसरी एकदाच मशीनमधून गेली, एका बाजूने ओरबाडून निघाली, आणि आत्याने मशीन बंद केलं.

कपाटाच्या त्या दारात मग प्लायवूड बसलं. चौकटीची वरची पट्टी मात्र आत्याने डिंक लावून चिकटवली नाही. नुसत्या दोन खुंट्यांवर ठेवली, पुन्हा उघडता येईल अशी. तीस वर्षं.

आता कारखाना भाची चालवते. तिचं नाव काहीही असो, सगळे म्हणतात मिलिमीटर; घाईत असले तर मिली. उंबरठासुद्धा मोजून ओलांडणारी बाई. तिने हिशोब मांडून ठेवला होता: चौकटीतली फळी बसायची खाच अठराची. खळगे दोन खोल. दुसरी बाजू करवतीची, खरबरीत, तिथे एक जाणार. साडेएकवीस वजा तीन, साडेअठरा. चुकायला शिल्लक अर्धा मिलिमीटर.

आत्या म्हणाली होती, "अर्ध्यात काय होतं गं? नखसुद्धा मावत नाही."

"तुझं नख मोजू का?"

"मोज बाई. तेवढंच राहिलंय."

२१.५ (अजून)

सहा महिने वाट पाहायला लावून मशीनचा नवा रूळ आला, ज्यावर पाती बसून फिरतात तो. जुन्या रुळावर तीन लांब पाती होती. या नव्यावर अठ्ठेचाळीस बारके चौकोनी दात, जिन्यासारखे गोल गोल चढत गेलेले. एका वेळी एखाददुसराच दात लाकडाला लागणार, तोही तिरका. उपटायला जोरच उरायचा नाही. निदान कागदावर तरी तसं लिहिलं होतं.

रूळ बसवायला भावजी आले, मिलीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. बोटं जाड, जीभ बारीक.

"मेव्हणीबाई, हे मशीनचं डोकं बदलतोय. तुमचंही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा, सामान उघडंच आहे."

वायर भिंतीतून काढली. पट्टा उतरला. जुना रूळ बाहेर यायला तयार नव्हता. भावजींनी त्याला अशा शिव्या घातल्या की तो लाजूनच सुटला. बेअरिंग गरम करून नव्या दांड्यावर सरकवलं, ते असं बसलं जसं काही तिथेच जन्माला आलं होतं. मग दात. मिलीने टेबलावर धुतलेली चादर अंथरली, दारं लावली, पंखा बंद केला.

एक. जागा पूस, दात ठेव, स्क्रू आवळ. दोन. पूस, ठेव, आवळ. तीन. चार. पाच.

"पंखा तरी लावा."

"धूळ उडेल."

सहा ते सोळा. भावजींच्या कपाळावरचा घाम चादरीवर पडला. चादर बदलली. सतरा, अठरा.

"अहो, इतकं पुसून तर माझ्या आईने मलाही वाढवलं नाही."

"दिसतंय ते."

एकोणीस ते अठ्ठेचाळीस.

१४ (पण हे वाया गेलेल्या फळीचे)

आत्याची अट होती: आधी वाया गेलेली फळी घाला. ती इतकी वर्षं डिंकाचे डबे ठेवायच्या कामी आली होती. डबे उतरवले, खळखळून धुतली, वाळवली. आत्या आतल्या खोलीत जाऊन बसली. खोलीची आणि कारखान्याची भिंत एकच. म्हणाली, "तो आवाज मला नाही ऐकवत." जुनं मशीन या लाकडावर किंचाळायचं. फळीतून ढलप्या निघायच्या त्या छर्रे मारल्यासारख्या.

मिलीने बटण दाबलं. फळी आत ढकलली. रूळ घुमला, भरल्या पोटी झोपलेल्या मांजरासारखा. फळी दुसऱ्या टोकाने बाहेर आली. भावजींनी धरली. दोघांनी वाकून पाहिलं.

मिलीने बटण बंद केलं.

तेवढ्यात आतून आत्या आली, गुडघा धरत. "काय झालं? अडलं का कुठे? चालू का नाही करत?"

"झालं पण, आत्या."

"काय झालं?"

"फळी गेली."

"गेली? तरी मी म्हणत होते, ती नाही..."

"अगं आत्या, गेली म्हणजे निघाली! बघ!"

आत्याने चष्मा वर केला, कारण लाकूड ती डोळ्यांनी कधी बघतच नसे. तळहात फिरवला. इकडून तिकडे. उलटा. मग नखाने. फळी काचेसारखी. पाणी हलत होतं नुसतं!

"दुसरी आण," आत्या म्हणाली. आवाज तीस वर्षांनी लहान झाला होता. "उभी का राहिलीस? आण!"

२१.५ (अजूनही)

पण मिली म्हणजे मिली. फळी आणता आणता तिच्या डोक्यात किडा आला: सतरा नंबरचा दात आवळला होता ना नीट? त्याच वेळी चादर बदलत होतो. वायर काढली. स्क्रू सैल केला, दात उचलून पाहिला, ठेवला, आवळला. चादर नव्हती. पंखा चालू होता. कारखानाभर ताजा भुसा उडत होता. जेमतेम मिनिटभराचं काम.

"आता खात्री?" भावजींनी विचारलं.

"आता पक्की."

२१

खळगे उथळ झाले.

२०.५

"भावजी, धरा हां!" "धरलंय, लेकरू धरावं तसं धरलंय!"

२०

सात खळगे उरले. आत्या मोठ्याने मोजत होती. स्टुलावर बसायचं विसरली होती.

१९.५

एकही नाही! भावजींनी जागच्या जागी गिरकी घेतली. मिलीने आत्याला मिठी मारली, आत्याने मिठीतूनच हात लांब करून फळीवर ठेवला, आणि तिचा हात थांबला.

"इथे रेघ आहे."

होती. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी बारीक खाच. दिसत नव्हती, पण नख तिच्यात पडत होतं. एक दात बाकीच्यांपेक्षा वर आला होता.

मिलीने कडेपासून अंतर मोजलं, रुळावर तेवढंच मोजलं. कोणता दात निघणार हे तिला मोजायच्या आधीच कळलं होतं. सतरा. उचलला. खाली भुशाचा कण, मिठाच्या दाण्याहून लहान.

"अठ्ठेचाळीसांपैकी सत्तेचाळीस बरोबर होते," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं. "तोही बरोबरच होता. मी उघडला."

भावजींना विनोद सुचला होता. त्यांनी तो गिळला. त्यांच्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

जागा पुसली. दात बसवला. या वेळी पंखा आत्याने बंद केला.

१९

रेघ गेली. अर्धा मिलिमीटरही गेला. चुकायला शिल्लक शून्य.

१८.५

फळी उलटली. करवतीची बाजू निघाली, नितळ, फक्त मधोमध तळहाताएवढा खरबरीत डाग राहिला.

"राहू द्या की," भावजी म्हणाले. "कपाटाच्या आतली बाजू. कोण बघतंय?"

"मी," आत्या म्हणाली. "रोज उघडते मी ते."

"मग काढा. जरा पातळ झाली तर खाचेत कागद कोंबू."

"कागदच कोंबायचा तर प्लायवूड काय वाईट होतं?"

मिली फळी मोजत होती. या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात. मध्ये. पुन्हा या कोपऱ्यात. जाडी मोजायचा कॅलिपर उघडत होती, मिटत होती. अर्धा काढला तर बरोबर अठरा, आणि डाग अर्ध्याहून खोल असला तर? डागाची खोली कशाने मोजायची? खाच खरंच अठराची आहे का? तीस वर्षांत लाकूड हललं असेल. आधी खाच मोजावी. नाही, आधी...

आत्याने तिच्या हातातून कॅलिपर काढून घेतला आणि स्वतःच्या पदराआड कमरेला खोचला.

"आत्या!"

"भूत लागलंय तुला आकड्यांचं. सरक."

"अगं, तू तर म्हणायचीस, या लाकडाला पुन्हा मशीन दाखवायचं नाही!"

"ते मशीन वेगळं होतं. आणि मीही." आत्याने डागावर अंगठा फिरवला, डोळे मिटून. मग तोच अंगठा मशीनच्या चाकावर ठेवला आणि चाक फिरवलं. किती, ते तिच्या अंगठ्याला ठाऊक. "बटण दाब."

मिलीने दाबलं. फळी आत्याने स्वतः आत दिली, तळहात सपाट ठेवून, तीस वर्षांपूर्वी देत होती तशी. रूळ घुमला.

—

किती, ते सांगता येत नाही. कॅलिपर आत्याच्या कमरेला होता.

डाग गेला होता. तिघं फळी घेऊन आतल्या खोलीत धावली. धावली म्हणजे दोघं धावली आणि आत्या त्यांच्या पुढे होती. भावजींनी कपाटाच्या खुंट्या ठोकून काढल्या, वरची पट्टी उचलली, प्लायवूड वर ओढून फेकून दिलं. लांबीरुंदी मिलीने सकाळीच प्लायवूडवरून आखली होती, तेवढी कापायला जीव मुठीत धरून पाच मिनिटं लागली.

फळी खाचेत उतरली. निम्म्यावर थांबली.

मिलीचा श्वासही.

"खडखडत नाहीये," भावजी कुजबुजले.

"अडकलीये," मिली म्हणाली.

"बसतीये," आत्या म्हणाली, आणि वरून तळहाताने एक दणका दिला.

ठप्प.

दार हलवलं. आवाज नाही. उघडलं, लावलं. खिडकीतला उजेड फळीवर पडला आणि दारातलं पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेलं.

"आता तरी मोजू दे," मिली म्हणाली. ती हसत होती, नाक पुसत होती, हात पुढे करून उभी होती. "एकदाच."

आत्या वरची पट्टी हातात घेऊन तिच्या खाचेत फुंकर मारत होती. कुठे भुशाचा कण राहायला नको.

"मोजायचं नंतर," ती म्हणाली. "आधी डिंक आण."